पाणी चढायची वाट

तोहिद मुजावर घर बघायला लागला तेव्हा त्याची जोया तिसरीत होती. आता ती नववीत गेली तरी तो बघतच होता. शिरोलीच्या एमआयडीसीत एका कारखान्यात तो मशीनशॉपचा सुपरवायझर. मूळचा पेठ वडगावचा, पण लग्नापासून कोल्हापुरात भाड्याच्या दोन खोल्यांत राहिलेला. दर अकरा महिन्यांनी करार संपायचा, मालक भाडं वाढवायचा, आणि हुस्ना म्हणायची, "आता काय ते एकदा ठरवा."

तोहिद ठरवायचा नाही असं नव्हतं. प्रत्येक वेळी थांबायला त्याच्याकडं कारण असायचं आणि ते कारण शहाणपणाचंच वाटायचं. कोरोनात रेट पडणार म्हणून तो थांबला. पुढं कोल्हापुरात हायकोर्टाचं खंडपीठ येणार म्हणून रेट चढले, तर ते नुसत्या बोलवेवर चढलेत, उतरतील, म्हणून थांबला. मग व्याज कमी होईल म्हणून थांबला. कारखान्यात चहाच्या वेळी या विषयावर त्याचं मत विचारायचे लोक. त्याचं वाचन होतं, आकडे तोंडपाठ होते. फक्त त्याला विचारून विचारून तिघांनी घरं घेतली आणि तो भाड्याच्याच खोलीत राहिला.

हुस्नानं बरोबर यायचं बंद केलं होतं. "पसंत पडलं की सांगा," ती म्हणायची. "नुसती दुसऱ्यांची स्वयंपाकघरं किती बघायची?"

जानेवारीत त्याला आकारामचं घर सापडलं. शुक्रवार पेठेतून नदीकडं उतरणाऱ्या एका गल्लीत, तीन खोल्यांचं, पक्क्या बांधणीचं. वर पत्र्याची एक खोली, मागं परसात नळ आणि नारळाचं झाड. आकाराम एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला मेकॅनिक. बायको धोंडुबाईचे गुडघे गेलेले. दोघांना घर विकून मलकापूरला, आपल्या माणसांत जाऊन राहायचं होतं. तिथं दोन खोल्यांची एक जागा त्यांनी बघूनही ठेवली होती.

घर दाखवताना आकारामनं आधी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. मागं पेन्सिलीनं ओढलेल्या दोन रेघा होत्या.

"पावणं, हे आधी बगा आन् मग बाकीचं बगा," तो म्हणाला. "ही खालची एकोणीसच्या पुराची. ही वरची एकवीसची. त्यानंतर पाणी आलेलं न्हाय. पण येणार न्हाय असं मी सांगणार न्हाय. ते नदीच्या हातात."

वरची रेघ तोहिदच्या छातीपर्यंत येत होती. एवढं तोंडावर सांगणारा विकणारा त्याला सहा वर्षांत भेटला नव्हता. आकारामनं अडतीस लाख सांगितले. त्या भागात, रस्त्यापासून एवढ्या जवळ, हा भाव वाजवी होता. उलट कमीच. हुस्ना आली, परसातल्या नळाखाली हात धरून उभी राहिली आणि पाणी गार आहे म्हणाली. तिला घर आवडलं हे तोहिदला तेवढ्यावरून कळलं.

बँकेत अर्ज गेला. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात कर्ज मंजूर झालं. मंजुरीचं पत्र सहा महिने चालणार होतं.

आणि त्याच आठवड्यात विजयसिंहची गाठ पडली. हा जमिनी-घरांचा एजंट, तोहिदच्या ओळखीचा. रंकाळ्यावर भेळ खाताना त्यानं सहज विचारलं आणि तोहिदनं सहज सांगितलं.

"शुक्रवार पेठ? खालच्या अंगाला?" विजयसिंह म्हणाला. "मग आत्ता कशाला घेतोस? पावसाळा जाऊ दे की. पाणी न्हाय आलं तर हायच घर तुझं. आलं तर बघ, त्या गल्लीत सप्टेंबरात कोण उभं राहणार हाय? सात-आठ लाख हसत हसत सोडतील."

तो हे वाईट बुद्धीनं बोलला नव्हता. त्याचा धंदाच तो. पण तोहिदच्या डोक्यात ते बसलं. सहा वर्षं तो ज्या कारणाच्या शोधात होता ते जणू त्याला आयतं मिळालं होतं.

त्यानं आकारामला सांगितलं, "मामा, बँकेचं काम चाललंय. वेळ लागतोय थोडा."

"लागू दे," आकाराम म्हणाला. "बँक म्हंजे वेळ जायचाच."

एप्रिल गेला, मे गेला. महिन्यातून दोनदा तोहिद तिकडं जायचा. धोंडुबाई चहा ठेवायची आणि जोयाची चौकशी करायची. आकाराम आता त्याला पावणं म्हणत नव्हता, अरे-तुरे करत होता. "काय म्हणती तुझी बँक?" एवढंच विचारायचा. तोहिद कधी साहेब रजेवर असल्याचं सांगायचा, कधी कागद पुण्याला गेल्याचं. खोटं इतकं सोपं जात होतं की ते खोटं आहे हेही त्याला वाटेनासं झालं. मंजुरीचं पत्र कपाटात जोयाच्या दाखल्यांबरोबर पडून होतं. हुस्नाला त्यानं सांगितलं होतं की आकारामचेच कागद अजून व्हायचेत.

जुलैत पाऊस लागला. राधानगरी धरणाचे दरवाजे उघडले. गावातल्या प्रत्येकाच्या फोनवर राजाराम बंधाऱ्याची पातळी यायला लागली. छत्तीस फूट, अडतीस, एकोणचाळीसला इशारा. तोहिदच्या फोनवरही येत होती. तो जेवतानाही फोन उपडा ठेवायचा नाही. जोया एकदा म्हणाली, "अब्बा, तुम्ही स्कोअर बघितल्यासारखं काय बघताय?"

तो हसला आणि फोन खिशात टाकला.

एका रविवारी सकाळी तो शिवाजी पुलावर गेला. पाणी बघायला निम्मं गाव लोटलं होतं. गढूळ पाणी पुलाच्या कमानींना घासत चाललं होतं. कठड्याला टेकलेला एक म्हातारा कुणाला तरी सांगत होता की रात्रीपासून पाऊस थांबलाय, बेचाळीसला पाणी थबकलंय. मग त्यानं तोहिदकडं बघून मान हलवली. "उतरतंय, पावणं. वाचलो म्हणायचं."

"व्हय," तोहिद म्हणाला.

आणि त्याला काहीतरी हातचं गेल्यासारखं वाटलं. परीक्षेत दोन मार्कांनी राहिल्यावर जसं होतं तसं. ते नेमकं काय आहे हे त्याला लगेच कळलं नाही. पुलावरून परत येताना, गंगावेशीच्या चौकात गाडी थांबवल्यावर कळलं. पाणी उतरतंय म्हणून आपण नाराज झालोय. त्यानं स्वतःलाच समजावलं की आपण पाणी आणलेलं नाही, आपल्या इच्छेनं ते येत नाही आणि जात नाही. हे खरं होतं. तरी हिरवा दिवा लागला तेव्हाही तो तिथंच उभा राहिला. मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न मारून त्याला शुद्धीवर आणलं.

सोमवारी घाटात पुन्हा पाऊस कोसळला. बुधवारी पाणी पंचावन्नवर गेलं. आकारामच्या गल्लीत बोट फिरली आणि घरात कमरेएवढं पाणी शिरलं. दोघा म्हाताऱ्यांना महापालिकेच्या शाळेत हलवलं. आकारामचा फोन आला तेव्हा तोहिद कामावर होता.

"आम्ही बरं हाय," आकाराम ओरडून बोलत होता, शाळेत गलका होता. "तुला काळजी वाटंल म्हणून सांगितलं."

संध्याकाळी विजयसिंहचा फोन आला. तोही थोडक्यातच बोलला. "आता जा. पण घाई दाखवू नको. एकतीस म्हण."

पाणी ओसरायला सहा दिवस लागले. हुस्नानं खराटे, फिनेलचा कॅन आणि जुन्या चादरी घेतल्या. ती न सांगता तयार झाली होती. "आपलंच घर व्हायचंय ना ते," ती म्हणाली. "मग चिखल दुसऱ्यानं का काढायचा?"

ते पोचले तेव्हा गल्लीत प्रत्येक दारासमोर ओल्या गाद्यांचा ढीग होता. कुजका, नदीचा वास सगळीकडं. धोंडुबाई स्टुलावर बसून भांडी घासत होती. कपाट फुगून उघडत नव्हतं आणि आकाराम पान्यानं त्याची बिजागरी काढायला झटत होता. दोघांना बघून त्याचा चेहरा उजळला. शेजारच्या माणसाला त्यानं हाक मारली. "हे बग, हेच ते. घर घेणार हायत ते. सांगितलं नव्हतं, पाणी आलं तरी येतील म्हणून?"

तोहिदनं खराटा उचलला आणि मान खाली घालून आतल्या खोलीत गेला.

चार तास सगळे खपले. हुस्ना आणि धोंडुबाई मागं बोलत होत्या, त्यातलं त्याला तुटक तुटक ऐकू येत होतं. धोंडुबाई म्हणत होती, "मलकापूरची ती जागा गेली बघ बाई वैशाखात. थांब थांब किती म्हणणार त्यांना. दुसऱ्यानं बयाणा दिला, मोकळे झाले. आमचं नशीब म्हणायचं. नायतर हे पाणी बघायला आम्ही हितं कशाला असतो?" थोड्या वेळानं ती पुढं म्हणाली, "कबनूरचा एक मागवाला आलता मे महिन्यात, लूमवाला. रोख द्यायला तयार. पण हे म्हणले, शब्द दिलाय तोहिदला."

तोहिद भिंत पुसत होता, तो पुसतच राहिला.

दुपारी आकाराम त्याच्याजवळ येऊन उंबऱ्यावर बसला. हात चिखलानं कोपरापर्यंत भरलेले. "तोहिद," तो म्हणाला, "आता अडतीस मागायला माझी जीभ रेटत न्हाय. तूच काय ते सांग. तुझी बँक जेवढं दील तेवढं सांग."

तोहिद विचार करून बोलला असता तर काय बोलला असता, हे त्यालाही पुढं कधी सांगता आलं नाही. पण त्याच्या तोंडून आकडा आला. तो तयारच होता.

"एकतीस, मामा."

आकारामनं त्याच्याकडं बघितलंही नाही. हातावरचा वाळलेला चिखल नखानं खरवडत म्हणाला, "बरं. एकतीस."

घासाघीस नाही, हुज्जत नाही. सहा वर्षं तोहिदनं मनातल्या मनात ज्या सौद्याची तालीम केली होती तो दोन शब्दांत संपला. आनंद व्हायला हवा होता. त्याच्या कानाच्या पाळ्या तेवढ्या तापल्या.

घरी आल्यावर हुस्नानं जोयाला क्लासला पाठवलं, हातपाय धुतले आणि मग कपाट उघडून दाखल्यांची फाईल काढली. पत्र तिनं उलगडून टेबलावर ठेवलं.

"हे मला मे महिन्यातच सापडलं होतं," ती म्हणाली. "मी म्हटलं, काहीतरी कारण असेल तुमचं. विचारलं नाही. आज तुम्ही एकतीस म्हणालात तेव्हा कळलं काय कारण होतं."

"बाजार बघावा लागतो, हुस्ना. सगळे बघतात."

"बघा की. बाजार बघू नका असं कोण म्हणतंय? मार्चमध्ये नको वाटलं होतं तर नको म्हणायचं होतं. त्यांनी त्या कबनूरवाल्याला दिलं असतं. त्यांना बांधून ठेवलं तुम्ही, फुकट, आणि पाणी यायची वाट बघत बसला." तिनं पत्रावरच्या तारखेवर बोट ठेवलं. "मार्चमध्ये घेतलं असतं तर आज चिखल आपल्या घरात असता. तो तुम्ही त्यांच्या घरात ठेवला."

हुस्ना रडली असती, भांडली असती तर बरं वाटलं असतं. तिनं पत्र घडी घालून फाईलमध्ये परत ठेवलं आणि भाकरीचं पीठ मळायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी कामावर खाडा करून तो शुक्रवार पेठेत गेला. धोंडुबाई अजून शाळेतच होती. आकाराम परसात दाराची फळी उन्हाला टेकवत होता. तोहिदनं फळीचं दुसरं टोक धरलं, ती नीट उभी राहिल्यावर सोडलं आणि बोलून टाकलं. मार्चमध्येच कर्ज झालं होतं. साहेब रजेवर नव्हता, कागद पुण्याला गेले नव्हते. पाणी येईल, भाव पडेल, म्हणून तो थांबला होता.

आकारामनं फळीवरचा राहिलेला चिखल तळहातानं पुसला.

"म्हंजे तू आमच्याकडं चहाला यायचास ते..." त्यानं वाक्य अर्धंच सोडलं. मग विचारलं, "पाणी यावं असं वाटत हुतं तुला?"

इथं नाही म्हणणं सोपं होतं. तोहिद म्हणाला, "व्हय. पुलावरनं पाणी उतरताना बघितलं तवा वाईट वाटलं."

आकारामनं मान हलवली, मशीनमधला बिघाड सापडल्यावर मेकॅनिक हलवतो तशी. त्याचा आवाज चढला नाही. कोल्हापुरी माणूस, चार शिव्या हासडल्या असत्या तर तोहिदनं त्या खाल्ल्या असत्या.

"मामा, मी अडतीसलाच घेतो. पूर्ण. आजच बयाणा देतो."

"नको," आकाराम म्हणाला. "अडतीस हे कोरड्या घराचं हुतं. ओल्या घराचं अडतीस घेतलं तर उद्या गल्ली म्हणंल, म्हाताऱ्यानं फसवलं. आन् तुमची कीव मला नको. चौतीस. त्याच्या वर एक रुपाय न्हाय, खाली एक न्हाय."

"मामा, तुम्हाला दुसऱ्या कुणाला द्यायचं असलं तर..."

"यंदा कोण येतंय, पावणं?"

तो शब्द तोहिदला बरोबर लागला. आकारामनं मुद्दाम वापरला की सहज आला, कोण जाणे.

"एकच करायचं," आकाराम पुढं म्हणाला. "हिला ह्यातलं काय सांगायचं न्हाय. तिची मलकापूरची जागा गेली, भांडी-गाद्या गेल्या, पण तुमच्यावर तिचा जीव हाय. तेवढं एक राहिलंय तर ते तरी राहू दे. ती काय बोलली तर ऐकून घ्यायचं."

तोहिदनं बँकेकडून पत्राची मुदत वाढवून घेतली आणि खरेदीखत नवरात्रानंतर झालं. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात गर्दी होती. बाकावर जागा नव्हती म्हणून धोंडुबाईला एका वकिलानं आपली खुर्ची दिली. ते दोघं आता मलकापूरला आकारामच्या भावाकडं, मागच्या एका खोलीत राहत होते. ती तिथूनच एसटीनं आली होती, नवं लुगडं नेसून. अंगठे झाले, फोटो झाले. आकारामनं सगळीकडं सह्या केल्या. बोलला ते फक्त क्लार्कशी. किल्ल्या त्यानं तोहिदच्या हातात दिल्या नाहीत. कागदांवर ठेवल्या आणि पाणी प्यायला बाहेर गेला.

धोंडुबाईनं पिशवीतून नारळ आणि खण काढला. हुस्नाला पुढं बोलावलं आणि तिच्या पदरात घातला. हुस्नानं पदर डोक्यावर घेऊन तो घेतला, वाकून नमस्कार केला.

"वकीलसाहेब, सांगू का," धोंडुबाई मोठ्यानं म्हणाली, तिचा आवाजच तसा. आजूबाजूची चार-पाच माणसं वळली. "असं गिऱ्हाईक मिळत न्हाय. ह्यो पोरगा सात महिनं बँकेच्या मागं पळाला आमच्या घरासाठी. घरात पाणी आलं तर दुसरा कुणीबी पळून गेला असता. ह्यानं खराटा घेऊन चिखल काढला, बायकोला घेऊन. आन् एकतीसला ठरलं हुतं, ते आपणहून चौतीस केलं."

हे शेवटचं तिला आकारामनं सांगितलं असणार. बायकोच्या मनात तोहिद जसा होता तसा ठेवायला म्हाताऱ्यानं खोटंही बोलून टाकलं होतं.

"न्हाय मामी," तोहिद म्हणाला. "तसं काय न्हाय."

"बघा. वर कबूलबी करत न्हाय," ती वकिलाला म्हणाली. वकील कौतुकानं हसला आणि त्यानं तोहिदच्या पाठीवर हात ठेवला. हुस्ना नारळाची शेंडी सारखी करत खाली बघत होती. तोहिद मान वर करून उभा राहिला, कारण ऐकून घ्यायचं ठरलं होतं. तो हात पाठीवरून कधी निघतो याची तेवढी वाट बघत होता.

निघताना तिनं त्याचा हात धरला. "दिवाळीत मलकापूरला यायचं. जोयाला घेऊन. मी वाट बगणार हाय."

"येतो, मामी."

आकाराम जिन्यात दोन पायऱ्या खाली थांबला होता, बायकोला हात द्यायला. त्यानं हे ऐकलं. तिचा हात धरून एक-एक पायरी तिला उतरवत तो खाली गेला. रस्त्यावर पोचल्यावर त्यानं रिक्षा थांबवली, तिला आत बसवलं, स्वतः बसला. धोंडुबाईनं बाहेर वाकून हात हलवला. तोहिदनंही हलवला, रिक्षा वळेपर्यंत.

"आपण जायचं का दिवाळीत?" हुस्नानं विचारलं. दोन महिन्यांत तिनं पहिल्यांदाच त्याला असं सरळ काही विचारलं होतं.

"तू आणि जोया जाऊन या," तो म्हणाला, आणि गाडी काढायला गेला.